गाडीचा तोल आणि रस्त्याचा झोल

जाड 'स्वे बार' बसवून मोटारीची चाल सुधारते, हे खरे आहे. तथापि, वऱ्हाडातील घाटरस्ते, काळ्या मातीवरचे मार्ग आणि क्षमतेपेक्षा अधिक भरलेल्या गाड्या यांचा विचार केला, तर सुरक्षिततेचा प्रश्न एका पोलादी दांडीने सुटण्यासारखा नाही.

अंजनगाव सुर्जी हे नाव इतिहासाच्या अभ्यासकांना दौलतराव शिंदे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात ३० डिसेंबर १८०३ रोजी झालेल्या तहामुळे, तर बाजारपेठेला केळी आणि पानपिंपळी या पिकांमुळे परिचित आहे. मोटारीच्या दृष्टीने पाहिले तर या गावाचे आणखी एक वैशिष्ट्य लक्षात येते. येथून निघालेल्या गाडीला एकाच दिवसात तीन निरनिराळ्या स्वभावांच्या रस्त्यांना तोंड द्यावे लागू शकते. उत्तरेला सातपुड्याच्या रांगा आहेत आणि परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे किंवा सेमाडोह-धारणीकडे जाणारी घाटांची वळणे आहेत. दक्षिणेला पूर्णा नदीच्या खोऱ्यातील काळी कसदार, पण रस्त्यांच्या मुळावर येणारी जमीन आहे. त्याहून खाली अमरावती-अकोला राष्ट्रीय महामार्ग आहे. याच मार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून गिनेस विक्रम नोंदवला गेला होता.

या तिन्ही रस्त्यांवर धावणारी गाडी मात्र एकच असते. ती वळणावर कलते, उंचवट्यावर झुलते आणि भरधाव वेगात ओव्हरटेक करताना क्षणभर हाताबाहेर गेल्यासारखी वाटते. साहजिकच, 'गाडी झुलते, काही उपाय आहे का?' हा प्रश्न मालकाच्या मनात येतो. मोटारींच्या हौशी जगात या प्रश्नाचे एक लोकप्रिय उत्तर तयार आहे. कंपनीने दिलेली स्वे बार काढावी आणि तिच्या जागी अधिक जाड दांडी बसवावी, हे ते उत्तर. शर्यतींच्या मैदानावर आणि मोठ्या शहरांतील शौकिनांत रुजलेला हा प्रकार घरपोच मिळणाऱ्या सुट्या भागांमुळे आता कोणत्याही तालुक्याच्या गावी सहज शक्य झाला आहे. म्हणूनच त्याचे गुण, मर्यादा आणि त्यामागील कायदेशीर गुंता तपासून पाहणे आवश्यक ठरते.

दांडी नेमके काय करते?

स्वे बार, अँटी-रोल बार आणि स्टॅबिलायझर बार ही एकाच वस्तूची नावे आहेत. इंग्रजी 'यू' अक्षराच्या आकाराची ही पोलादी दांडी गाडीच्या एका बाजूच्या चाकाला दुसऱ्या बाजूच्या चाकाशी जोडते. तिचा मधला भाग रबरी बुशांमधून गाडीच्या सांगाड्याला धरलेला असतो आणि दोन्ही टोके लिंक रॉडने चाकांच्या जोडणीला बांधलेली असतात. कॅनडातील फ्रेडरिक्टन येथील स्टीफन कोलमन यांना अशा दांडीचे पेटंट १९१९ मध्ये मिळाले. म्हणजे ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे.

तिचे कार्य समजण्यास अवघड नाही. दोन्ही चाके एकाच वेळी गतिरोधकावर चढली, तर दांडी आपल्या बुशांमध्ये नुसती फिरते. तिचा विरोध जवळपास शून्य असतो. परंतु गाडी डावीकडे वळते तेव्हा तिचे धड उजवीकडे कलते. उजव्या बाजूची स्प्रिंग दबते आणि डावीकडची सैल होते. अशा वेळी दांडीला पीळ बसतो आणि हा पीळ सोडवण्याच्या प्रयत्नात ती गाडीला सरळ ठेवू पाहते. गाडी किती कलेल हे स्प्रिंग आणि स्वे बार ठरवतात; ती किती वेगाने कलेल आणि किती लवकर स्थिरावेल हे शॉकअप ठरवतो. हा फरक लक्षात न घेता अनेकदा शॉकअपच्या दुखण्यावर दांडीचा उपाय केला जातो किंवा त्याच्या उलट घडते.

आणखी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मागच्या बाजूला वेगळी स्वे बार नाही म्हणजे कंपनीने ग्राहकाची फसवणूक केली, असे नेहमीच म्हणता येत नाही. अनेक छोट्या मोटारींत मागील दोन्ही चाकांना जोडणारी 'ट्विस्ट बीम' असते आणि ती स्वतःच पिळली जाऊन स्वे बारचे काम काही अंशी करते. मॅकफरसन स्ट्रट रचनेच्या अनेक जुन्या गाड्यांत तर पुढची स्वे बार चाकाला पुढे-मागे धरून ठेवण्याचेही काम करीत असे. थोडक्यात, ही दांडी वरून जोडलेला दागिना नसून संपूर्ण रचनेचा एक अवयव आहे. एक अवयव बदलला की बाकीच्यांवर परिणाम होणारच.

चौथ्या घाताचे गणित

जाड दांडीच्या लोकप्रियतेमागे एक साधे गणित आहे. भरीव दांडीचा पिळाला होणारा विरोध तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. २० मिलिमीटर व्यासाच्या जागी २२ मिलिमीटरची दांडी बसवली, तर डोळ्यांना फरक केवळ दोन मिलिमीटरचा दिसतो; पण तिचा ताठपणा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो. तीच दांडी २४ मिलिमीटरची केली तर ताठपणा दुपटीहून अधिक होतो.

याचा अर्थ गाडी ४६ टक्के कमी कलेल, असा मात्र नाही. कलण्याला होणाऱ्या एकूण विरोधात स्प्रिंगचा वाटाही असतो. एखाद्या गाडीत पुढच्या बाजूच्या विरोधात दांडीचा वाटा एक तृतीयांश आहे असे धरले, तर २२ मिलिमीटरच्या दांडीने तो एकूण विरोध सुमारे १५ टक्क्यांनी वाढेल. चालकाला हा फरक जाणवतो. स्टीअरिंगला गाडी लवकर प्रतिसाद देते, महामार्गावर लेन बदलताना झोल कमी होतो, मागच्या आसनावर बसलेल्यांची घाटातील मळमळही कमी होऊ शकते. हे फायदे नाकारण्याचे कारण नाही.

प्रश्न त्यापुढचा आहे. वळणावर आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांकडे सरकतो. हा एकूण भार वेग, वळणाची त्रिज्या, गाडीचे वजन, गुरुत्वमध्याची उंची आणि दोन चाकांमधील अंतर यांवर ठरतो. स्वे बार तो फारसा कमी करू शकत नाही. ती फक्त त्यातील किती भार पुढच्या चाकांनी घ्यायचा आणि किती मागच्या, याची वाटणी बदलते. पुढची दांडी जाड केली की पुढच्या बाहेरच्या टायरवर ताण वाढतो. स्टीअरिंग फिरवूनही गाडी वळणाबाहेर सरळ जाऊ पाहते. मागची दांडी जाड केली की मागची चाके आधी पकड सोडतात आणि गाडीची शेपटी बाहेर फेकली जाते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत शौकीन मंडळी मागची दांडी जाड करतात ती गाडी चपळपणे वळावी म्हणून. कोरड्या, मोकळ्या शर्यतीच्या मैदानावर त्यात मौज आहे. श्रावणातल्या धुक्यात, ओल्या घाटात आणि समोरून येणाऱ्या एसटीच्या साक्षीने तीच चपळता जीवघेणी ठरू शकते.

काळी माती आणि एका चाकाचा खड्डा

वऱ्हाडातील काळ्या जमिनीत मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाचे प्रमाण मोठे असते. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. दर वर्षी असा फुगण्या-आक्रसण्याचा खेळ चालल्यावर तिच्यावरील रस्ता सपाट राहील कसा? मजबूत पाया, मातीवर योग्य प्रक्रिया आणि पाण्याचा निचरा यांची काळजी घेतली नाही, तर डांबराचा वरचा थर कितीही गुळगुळीत असो, काही पावसाळ्यांतच तो लाटांसारखा होतो आणि कडा खचतात. दर्यापूरकडील खारपाणपट्ट्यात प्रवास करणाऱ्याला हा अनुभव नवा नाही.

अशा रस्त्यावर जाड स्वे बारचा दुसरा चेहरा दिसतो. दोन्ही चाके एकत्र वरखाली होतात तोवर ती तटस्थ असते. पण एकच चाक खड्ड्यात गेले की ती त्याचा धक्का दुसऱ्या चाकाकडे पोहोचवते. दांडी जितकी ताठ, तितका हा धक्का मोठा. गाडी डावी-उजवीकडे डोकावल्यासारखी हलू लागते. फारच उंचसखल जागी तर एक चाक जमिनीवरून उचलले जाते आणि त्याची पकडच नाहीशी होते. डोंगरदऱ्यांत जाण्यासाठी बनवलेल्या जीप रँग्लर रुबिकॉनमध्ये पुढची स्वे बार बटण दाबून सोडवण्याची सोय दिली आहे, ती याच कारणाने. महामार्गावर जे गुण ठरते तेच पांदणरस्त्यावर दोष ठरते. कंपनीचे अभियंते दांडीची जाडी ठरवतात ती या दोहोंमधील तडजोड म्हणूनच. ज्याची गाडी आठवड्यातले सहा दिवस खचलेल्या कडांच्या रस्त्यावर आणि एक दिवस महामार्गावर धावते, त्याने महामार्गाच्या हिशेबाने दांडी निवडणे हे शहाणपणाचे लक्षण नव्हे.

कलणे वेगळे, उलटणे वेगळे

या विषयातील सर्वात धोकादायक समजूत म्हणजे गाडी कमी कलली की ती उलटणार नाही, ही. अमेरिकेची महामार्ग सुरक्षा संस्था २००१ पासून गाड्यांचा उलटण्याचा धोका जाहीर करते. त्यासाठी तिने वापरलेले मूळ सूत्र अगदी सोपे आहे. दोन चाकांमधील अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचे. हा आकडा जितका मोठा, तितकी गाडी स्थिर. या सूत्रात स्वे बारला स्थान नाही. दांडी जाड केल्याने चाकांमधील अंतर वाढत नाही आणि गुरुत्वमध्यही खाली येत नाही.

एक उदाहरण घेऊ. दीड हजार किलो वजनाची, दोन चाकांत दीड मीटर अंतर असलेली आणि ७० सेंटिमीटर उंचीवर गुरुत्वमध्य असलेली एक उंच गाडी आहे असे मानले, तर तिचा आकडा १.०७ येतो. आता लग्नाच्या किंवा सहलीच्या निमित्ताने तिच्या टपावर, जमिनीपासून १.९ मीटर उंचीवर, दीडशे किलो सामान बांधले. गुरुत्वमध्य सुमारे ८१ सेंटिमीटरवर जातो आणि स्थिरतेचा आकडा ०.९३ पर्यंत घसरतो. टपावरच्या दहा टक्के ओझ्याने गाडीची स्थिरता सुमारे १३ टक्क्यांनी कमी झाली. बाजारातील कोणतीही दांडी ही तूट भरून काढू शकत नाही. उलट, ताठ दांडीमुळे गाडी कमी कललेली दिसते आणि धोक्याची जी पूर्वसूचना चालकाला कलण्यातून मिळत असते, तीच मंदावते.

वेगाचे गणित तर याहून निष्ठुर आहे. वळणावर गाडीला बाहेर ढकलणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साठ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीवर तिच्या वजनाच्या सुमारे २१ टक्के इतका बाजूचा जोर पडतो. वेग ६० केला की तोच ४७ टक्क्यांवर जातो. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी महाराष्ट्रातील बळी १५ हजार २२४ होते. देशातील मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यूंचे कारण म्हणून अतिवेगाची नोंद आहे. गाडी अधिक 'बसून' चालते म्हणून चालकाने वेग वाढवला, तर सुधारणेतून मिळालेला फायदा पहिल्याच वळणावर खर्च होतो.

स्वीडनमधील धडा

हा प्रश्न केवळ वऱ्हाडातला किंवा केवळ हौशी मालकांचा आहे असे नाही. नामांकित कंपन्यांनाही त्याची किंमत मोजावी लागली आहे. ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनमधील 'टेक्निकेन्स वेर्ल्ड' या मोटारविषयक नियतकालिकाने मर्सिडीजच्या नव्या ए-क्लासची चाचणी घेतली. रस्त्यावर अचानक सांबरासारखा मोठा प्राणी आला तर गाडी झटकन डावीकडे आणि पुन्हा उजवीकडे वळवावी लागते, त्याचीच ही नक्कल होती. गाडी उलटली. जगभर टीका झाल्यावर कंपनीने गाडीची विक्री काही काळ थांबवली, निलंबनव्यवस्थेत आणि टायरमध्ये बदल केले. त्यातील सर्वात महत्त्वाचा निर्णय म्हणजे प्रत्येक ए-क्लासमध्ये इलेक्ट्रॉनिक स्थिरता नियंत्रण, म्हणजेच ईएससी बसवण्याचा. मेळघाटाच्या सीमेवर राहणाऱ्यांना रस्त्यावर अचानक येणारे जनावर ही कल्पना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

ईएससी प्रत्येक चाकाचा वेग, स्टीअरिंगची दिशा आणि गाडीची प्रत्यक्ष दिशा यांची सतत तुलना करते. गाडी घसरू लागली की एकेका चाकाला स्वतंत्रपणे ब्रेक लावून ती मार्गावर आणते. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेच्या अभ्यासानुसार या यंत्रणेमुळे एकट्या वाहनाच्या प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे निम्म्याने कमी होतो. अमेरिकेने २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपीय संघाने नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या मोटारींना ती बंधनकारक केली. भारतात एप्रिल २०१९ पासून मोटारींना एबीएस सक्तीचे झाले. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या 'भारत एनकॅप'मध्ये तीन किंवा अधिक तारे मिळवायचे असतील तर ईएससी असणे आवश्यक आहे. पण एनकॅप ही ऐच्छिक तारांकनाची योजना आहे. शिवाय, वापरलेल्या गाड्यांच्या बाजारातून दहा-बारा वर्षे जुनी उंच गाडी घेणाऱ्या कुटुंबापर्यंत तिचा लाभ पोहोचायला आणखी एक पिढी जावी लागेल.

ज्या गाड्यांत ईएससी आहे तिथे जाड दांडी बसवताना दुप्पट विचार हवा. ही यंत्रणा मूळ स्प्रिंग, मूळ दांडी आणि मूळ टायर गृहीत धरून जुळवलेली असते. गाडीचा मूळ स्वभावच बदलला, तर यंत्रणेचा अंदाज आणि प्रत्यक्ष वर्तन यांत तफावत पडू शकते.

दंडाचे विचित्र तराजू

आता कायद्याकडे वळू. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील, असा बदल वाहनात करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील प्रकरणात हेच तत्त्व ठामपणे सांगितले आणि उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवला. त्याच वर्षी झालेल्या कायदा दुरुस्तीने कलम १८२-अ आणले. त्यानुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

स्वे बार या चौकटीत कोठे बसते? नोंदणी प्रमाणपत्रावर दांडीच्या व्यासाची नोंद नसते. कायद्याच्या दृष्टीने 'बदल' म्हणजे वाहनाच्या मूलभूत वैशिष्ट्यात फरक पाडणारा रचनेतील बदल. दोन मिलिमीटरने जाड झालेली दांडी हा तसा बदल आहे की केवळ सुट्या भागाची अदलाबदल, याचे उत्तर कलमात थेट सापडत नाही. परिणामी मालक तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या आणि अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्वेक्षकाच्या अर्थ लावण्यावर अवलंबून राहतो. कंपनीचाच मूळ भाग बदलणे निर्धोक आहे. बाहेरचा भाग बसवण्यापूर्वी विमा कंपनीला लेखी कळवणे हा किमान सावधपणा होय.

या तराजूचे दुसरे पारडेही पाहिले पाहिजे. याच दुरुस्तीतील कलम १९४-अ नुसार प्रवासी वाहनात परवान्यापेक्षा अधिक माणसे बसवल्यास दंड आहे दर जादा प्रवाशामागे दोनशे रुपये. ज्या कृतीने गाडीचा तोल सर्वाधिक बिघडतो तिला दोनशे आणि जिने तो कदाचित सुधारेलही तिला पाच हजार, हा हिशेब सुरक्षिततेच्या कोणत्या तत्त्वात बसतो? सदोष रस्त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास जबाबदार यंत्रणेला वा कंत्राटदाराला कलम १९८-अ नुसार एक लाख रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूदही २०१९ मध्येच झाली. मात्र पाया खचून लाटांसारख्या झालेल्या रस्त्यावर गाडी उलटली, तर पंचनाम्यात दोष नोंदला जातो तो बहुधा चालकाच्याच नावे. रस्त्याच्या कडेची उंची आणि डांबराखालचा पाया मोजणारे त्या वेळी तिथे कोणी नसते.

पंधरा वर्षांची डोळेझाक

सर्वात मोठी त्रुटी तपासणीत आहे. प्रवासी आणि मालवाहू वाहनांना आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. खासगी मोटारीला मात्र नोंदणीनंतर पंधरा वर्षे अशी कोणतीही तपासणी नाही. 'एमएच-२७' क्रमांकाची एखादी मोटार अंजनगावातून तीन मालकांच्या हातून फिरते, तिचे बुश झिजतात, लिंक रॉड खडखडू लागतात, शॉकअपमधून तेल गळते आणि तरीही व्यवस्थेच्या लेखी ती धडधाकट असते.

इथेच जाड दांडीच्या हौसेचे मर्म सापडते. 'गाडी पूर्वीपेक्षा जास्त झुलते' अशी तक्रार असेल, तर त्याचा साधा अर्थ पूर्वी ती कमी झुलत होती. म्हणजेच कंपनीने दिलेली दांडी पुरेशी होती. मधल्या काळात दुसरेच काही झिजले. रबरी बुश ढिला झाला की दांडी पिळण्याआधी नुसतीच सरकते आणि तिचा निम्मा उपयोग संपतो. लिंक रॉड तुटला असेल तर ती असून नसल्यासारखीच. अशा गाडीत थेट जाड दांडी बसवणे म्हणजे गळक्या छपराखाली मोठे घमेले ठेवण्यासारखे आहे. शिवाय जाड दांडीचा वाढीव ताण सांगाड्यावरच्या जोडण्यांवर येतो. जुन्या, गंजलेल्या गाडीत त्या जागीच तडे जाण्याची भीती असते.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम टायर. त्यांची नक्षी कायद्याने किमान १.६ मिलिमीटर खोल हवी आणि हवा कंपनीने सांगितलेल्या दाबाइतकी. मग बुश आणि लिंक रॉड, मग शॉकअप, मग चाकांचे अलाइनमेंट. त्यानंतर टपावरचे ओझे खाली आणणे, ज्याला एक पैसाही लागत नाही. एवढे करूनही गाडीचा झोल खुपत असेल आणि गाडी प्रामुख्याने चांगल्या रस्त्यावर धावत असेल, तरच जाड दांडीचा विचार करावा. तोही त्या मॉडेलसाठी बनवलेल्या, पुढच्या-मागच्या जोडीचा ताळमेळ साधलेल्या संचाचा. केवळ मागची दांडी जाड करण्याचा प्रयोग सामान्य चालकाने करू नये, हेच उत्तम.

जबाबदारी कोणाची?

मालकाने शहाणपण दाखवावे, एवढ्यावर हा विषय संपत नाही. पुण्यात १९६६ पासून कार्यरत असलेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया आहे. वऱ्हाडाला तुलनेने जवळ असलेल्या मध्य प्रदेशातील पिथमपूर येथे २०२१ मध्ये ११.३ किलोमीटर लांबीची अतिवेगवान चाचणी धावपट्टी सुरू झाली आहे. वाहनांची चाल तपासण्याची क्षमता देशात नाही, अशी सबब त्यामुळे उरलेली नाही. या क्षमतेचा उपयोग करून बाजारातील सुट्या भागांसाठी प्रमाणीकरण आणता येईल. कोणता भाग कोणत्या गाडीला चालेल हे जाहीर करता येईल. प्रमाणित भाग बसवणारा प्रामाणिक मालक आणि बनावट दांडी विकणारा यांच्यातील फरक त्यामुळे कायद्याला दिसू लागेल. खासगी मोटारींची, निदान मालकी बदलताना, टायर-ब्रेक-निलंबनव्यवस्थेची तपासणी सक्तीची करण्यासही हरकत नसावी. वापरलेल्या गाड्यांचा बाजार एवढा मोठा झालेला असताना, खरेदीदाराला कागदपत्रांइतकीच गाडीच्या प्रकृतीचीही हमी मिळाली पाहिजे.

रस्ते बांधणाऱ्या यंत्रणांनीही एक गोष्ट मान्य करायला हवी. सातारा-शेगाव-अकोट-अंजनगाव-परतवाडा-बैतुल असा राष्ट्रीय महामार्ग ५४८ सी नकाशावर आल्याने वाहनांचा वेग वाढणार हे उघड आहे. वेग वाढणार असेल तर वळणांचा उतार, कडांची मजबुती, गावांतील चौक आणि काळ्या मातीवरचा पाया यांची तपासणीही त्या वेगाला साजेशी हवी. विक्रमी वेळात डांबर अंथरणे कौतुकास्पदच आहे. पाच पावसाळ्यांनंतर तो रस्ता तितकाच सपाट राहिला, तर ते कौतुक अधिक काळ टिकेल.

स्वे बारचे काम एका वाक्यात सांगायचे, तर ती एका चाकाला दुसऱ्या चाकाचे काय चालले आहे याची जाणीव करून देते. वाहन बनवणारे, रस्ता बांधणारे, तपासणारे आणि चालवणारे यांच्यात अशी जाणीव नसेल, तर प्रत्येक जण आपापल्या बाजूने बरोबर असूनही गाडी उलटू शकते. चिखलदऱ्याच्या घाटात टपावर सामान आणि आत सात-आठ माणसे घेऊन निघालेल्या कुटुंबाला चौथ्या घाताचे गणित माहीत असण्याची आवश्यकता नाही. ते गणित ज्यांना माहीत असायला हवे, त्यांनी आपले काम केले म्हणजे पुरे. तोवर त्या कुटुंबाच्या हाती दोन गोष्टी उरतात. निघण्यापूर्वी टपावरचे ओझे उतरवावे आणि वळणाआधी वेग कमी करावा. बाजारातल्या कोणत्याही दांडीपेक्षा हे दोन उपाय अधिक खात्रीचे आहेत.